मराठीत सांग, मग घे

गेल्या महिन्यात कॉलेजातून मुलीचा फोन आला. तिला दूध फेसाळायचं एक यंत्र घ्यायचं होतं. ती म्हणाली, "बाबा, इट्स ओन्ली ट्वेंटी डॉलर्स," आणि माझ्या तोंडून मला न विचारताच एक वाक्य बाहेर पडलं.

"मराठीत सांग."

"व्हॉट?"

"जे हवंय ते मराठीत सांग. मग घे."

मग ती चाचरत म्हणाली, "ते... दूध असतं ना... दुधाला राग आणायचं मशीन."

बायको भाजी चिरत होती, ती तिथूनच म्हणाली, "आज तुझ्या अंगात काका आलेत वाटतं."

काका म्हणजे माझे नेपरव्हिलचे घरमालक. पंचवीसेक वर्षांपूर्वी शिकागोत एम. एस. करायला आलो, तेव्हा त्यांच्या बेसमेंटमध्ये मी राहायचो. वडिलांच्या ऑफिसातल्या कुणाचे तरी ते मावसभाऊ. वडिलांनी त्यांना फोनवर एवढंच सांगितलं होतं, "मुलगा हुशार आहे, पण पैसा हातात टिकत नाही. जरा लक्ष ठेवा." हुशारीचं काकांनी सोडून दिलं आणि बाकीचं फार मनावर घेतलं.

खरं तर पहिले पंधरा दिवस मी अगदी नीट वागलो. नव्याने आलेला प्रत्येक जण करतो तसा प्रत्येक किमतीला रुपयांनी गुणायचो. कॉफी बघितली की गुणायचो आणि घाबरून पाणी प्यायचो. तिसऱ्या आठवड्यात गुणणं आपोआप थांबलं. तिथून पुढे मला वस्तू स्वस्त दिसायला लागल्या, आणि माझी घसरण सुरू झाली ती तेव्हापासून.

पहिली घसरण बगलेत धरून मी घरात शिरलो तेव्हा काका दारातच उभे होते. किडकिडीत अंग, तपकिरी स्वेटर, खिशाला पेन्सिल, पट्ट्याला मोजपट्टी. ही मोजपट्टी ते देवळात जातानाही काढत नसत.

"हे काय?"

"वाफल मेकर, काका. सेलमध्ये होता."

"मराठीत."

मी खोक्याकडे पाहिलं. खोक्यावरच्या चित्राकडे पाहिलं. "खड्डे पडलेलं धिरडं करायचं यंत्र," मी म्हणालो.

"धिरड्याला खड्डे कशाला?"

"त्यात पाक साठतो."

"तुझी आई धिरड्याबरोबर काय द्यायची?"

"चटणी."

"ती कुठे साठायची?"

"ताटात," मी म्हणालो.

काका वळून आत गेले. त्यांची पद्धतच ती होती. ते कधी उपदेश करत नसत. आपलंच वाक्य आपल्याच कानात घोळत ठेवून ते निघून जात. महिन्याभरात ते यंत्र बेसमेंटच्या मागच्या फळीवर गेलं, आणि त्यावर काकांच्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लागली: 'खड्ड्यांच्या धिरड्याचे यंत्र. वापर: दोनदा.'

ती फळी म्हणजे एक प्रकरणच होतं. आधीचे भाडेकरू जे जे सोडून गेले होते ते सगळं काकांनी तिथे मांडून ठेवलं होतं, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. 'जागच्या जागी चालायचा पट्टा. वापर: चारदा. नंतर ओले कपडे.' 'आपोआप पाव मळणारे भांडे. वापर: एकदा, तोही फसला.' 'पायाला गुदगुल्या करणारे पाण्याचे घमेले. वापर: नाही.' माझ्याबरोबर राहणारा नागपूरकर पहिल्याच दिवशी फळीपुढे उभा राहून म्हणाला होता, "हे घर नाही बे, म्युझियम आहे. आपण पण एक दिवस इथंच लागणार."

घरभाड्याच्या कागदावर काकांनी चार अटी हाताने लिहिल्या होत्या. तिसरी अशी: 'कोणतीही वस्तू घरात आणण्यापूर्वी तिचे मराठीत वर्णन करावे.' इंग्रजी शब्द चालत, पण फक्त आजीच्या तोंडी असलेले. कोट, बूट, सायकल, टेबल, पेन हे पास. आजी म्हणजे काकांची आजी. ती आम्ही कुणीच पाहिली नव्हती, त्यामुळे वर अपील करायची सोय नव्हती.

हा नियम वाटतो तेवढा खुळचट नाही, हे पुढे कळलं. दुकानात एखादी वस्तू इंग्रजीत चमकत असते. तिला मराठीत आणायची म्हणजे आधी ती काय करते हे स्वतःला विचारावं लागतं, आणि तिथेच निम्म्या वस्तू गळतात. 'पोर्टेबल मिनी फ्रिज' म्हटलं की त्यावर जीव जडतो. 'दोन डबे मावतील एवढं थंड कपाट, वर मोठं कपाट असताना' असं म्हटलं की आपलीच आपल्याला लाज वाटते.

काकू मात्र या नियमाला अजिबात भीक घालत नसत.

"यांचं ऐकू नका रे," त्या पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या. "स्वतः भोकं पाडायची चार चार ड्रिल मशीनं घेऊन बसलेत. ते नाही दिसत."

"ड्रिल नाही. गिरमिट," काका शांतपणे म्हणायचे. "माझ्या आजोबांकडे होतं."

"आजोबांकडे एक होतं."

"शब्द आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे."

यावर नागपूरकर मला खाली जाताना म्हणाला, "समजलं का? ज्याची भाषा मोठी, त्याची शॉपिंग मोठी. काका श्रीमंत काहून आहेत ते आता कळलं."

हे मी मनात ठेवलं. माझ्या पुढच्या मूर्खपणाचं बी तिथेच पडलं.

काकांची दुसरी सवय शनिवारची. सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते जवळच्या एका मोठ्या दुकानात जात आणि वस्तू परत करायच्या खिडकीसमोरच्या बाकावर तासभर बसत. काही घेत नसत, काही परत करत नसत. नुसते बघत. मी एकदा बरोबर गेलो. लोक खोकी घेऊन रांगेत उभे होते. एका बाईने चौदा उशा परत केल्या.

"बघ कसं हलकं झालं चालणं," काका मला हळूच म्हणाले.

निघताना पैसे भरायच्या रांगेपाशी थांबून त्यांनी च्युइंगमच्या मांडणीला हात लावला. फळीखाली बोट घालून ती किंचित हलवली.

"हा कोन माझा आहे," ते म्हणाले.

तेव्हा कळलं की काकांनी तीस वर्षं अशा मांडण्या तयार करणाऱ्या एका कंपनीत काम केलं होतं. रांगेत उभ्या माणसाच्या हाताला वस्तू आपोआप लागावी, लहान पोराच्या डोळ्यांपुढे चॉकलेट यावं, म्हणून फळी किती कलती ठेवायची, हे ते काढायचे. मोजपट्टी त्या नोकरीतली.

"पश्चात्ताप होतो का, काका?" मी विचारलं. त्या वयात असले प्रश्न विचारायला काही वाटत नाही.

"कोन बरोबर आहे," ते म्हणाले. "पश्चात्ताप कशाचा?" मग गाडीपाशी आल्यावर म्हणाले, "फक्त माझ्या बेसमेंटमध्ये तो लागू नाही."

आता मुद्द्यावर येतो. पहिल्या सहामाहीची फी वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून काढून दिली होती. दुसऱ्या सहामाहीची अर्धी ते पाठवणार होते आणि अर्धी मी लायब्ररीतल्या नोकरीतून साठवायची होती. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती गेली नाही तर नावनोंदणी रद्द. नाव नाही म्हणजे विद्यार्थी नाही, आणि विद्यार्थी नाही म्हणजे सरळ विमानतळ. वडिलांच्या फंडात दुसऱ्यांदा हात घालण्याजोगं काही उरलं नव्हतं, हे मला माहीत होतं. काकांनाही माहीत होतं. त्यांनी मला पगाराच्या दिवशी एक क्रम पाठ करायला लावला होता: फी, पोट, ट्रेनचा पास, मग डोकं. डोकं म्हणजे डोक्यात येईल ते. डोक्यापर्यंत सहसा काही पोचत नसे, आणि चार महिने हे व्यवस्थित चाललं.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात दुकानांची रंगीत पत्रकं आली. त्यात एका पानावर ती होती. तीन पायांवर उभी, पांढरी, लांबलचक. लहानपणी शाळेत एकदा कुणीतरी गच्चीवर आणली होती. माझा नंबर येईपर्यंत ढग आले होते. तेव्हापासून ती गोष्ट माझ्या डोक्यात अडकून होती, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पत्रक बघेपर्यंत मला तिची आठवणही नव्हती.

पण मुख्य गोष्ट वेगळीच होती. मला तिचा शब्द येत होता.

मी वर गेलो. काका चहा पीत होते, काकू कुपनं कापत होत्या.

"काका, एक वस्तू घ्यायची आहे."

"मराठीत."

"दुर्बीण."

काकांचा कप हवेत थांबला. काकूंची कात्रीही थांबली.

"आजीच्या तोंडी होता शब्द?" मीच विचारलं. केवढा तो माज.

"होता," काका म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

"मग?"

"मग घे."

"अहो, त्याची फी आहे ना जानेवारीत," काकू म्हणाल्या.

"फी त्याला माहीत आहे. शब्दही त्याला माहीत आहे. मी आता काय विचारू?"

मला वाटलं होतं ते अडवतील. मी वाद घालायची तयारी करून गेलो होतो. न अडवल्यामुळे घ्यावीच लागली.

त्यानंतर चार आठवडे नेपरव्हिलला आकाश नव्हतं. वर एक करडं फडकं ताणलेलं, आणि त्यातून बर्फ. दुर्बीण बेसमेंटमध्ये माझ्या पलंगाकडे तोंड करून उभी. नागपूरकर तिच्यातून माझा डोळा बघायचा आणि म्हणायचा, "यात तर काहीच नाही बे. पूर्ण रिकामं."

डिसेंबरच्या मध्यात लायब्ररीने सुट्टीतले तास कापले. मी कागद घेऊन बसलो. तीनदा बसलो. फीला जेवढे कमी पडत होते ते बरोबर दुर्बिणीएवढे होते. थोडे कमी नाहीत, थोडे जास्त नाहीत. गणितात एवढं अचूक उत्तर मला आयुष्यात दुसऱ्यांदा आलं नाही.

दोन दिवस मी वर गेलो नाही. तिसऱ्या दिवशी काकूंनीच हाक मारली, "खिचडी केलीय, ये वर." जेवताना मी ताटाकडे बघत सगळं सांगितलं.

"तीस दिवस झाले?" काकांनी विचारलं.

"परवा होतात."

"पावती?"

पावती मी जपून ठेवली होती. म्हणजे टेबलावर हरवेल म्हणून हीटरच्या जाळीवर ठेवली होती. दुकानातली ती पावती उष्णतेने उमटते. जास्त उष्णता लागली की पूर्णच काळी होते, हे मला ठाऊक नव्हतं. मी वर आणली तेव्हा तो कोळशासारखा गुळगुळीत काळा कागद होता. काकांनी तो उजेडाकडे धरला.

"छान छपाई आहे," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आकाश उघडलं. संध्याकाळी पाचलाच अंधार होतो तिकडे. मी दुर्बीण खोक्यात घालायला लागलो तर काका खाली आले. म्हणाले, "बाहेर आण. चिठ्ठीवर 'वापर: नाही' लिहायचं म्हणजे बरं नाही दिसत."

घरासमोरचा बर्फ त्यांनी स्वतः ओढून जागा केली. तिचे तीन पाय मोजपट्टीने समान केले. चंद्र निम्माच होता, पण कडेचे खड्डे स्वच्छ दिसत होते. काकू शाल गुंडाळून आल्या आणि नळीला डोळा लावून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. पाठीमागे काका, नागपूरकर आणि मी थंडीने पाय आपटत.

"अहो, पुरे आता," काका म्हणाले.

"थांबा," काकू नळीतूनच म्हणाल्या. "चार गिरमिटं घेतलीत, त्यांतून काही दिसलं का मला कधी?"

शनिवारी आम्ही दुकानात गेलो. काका नेहमीसारखे गंध लावून, पण या वेळी बाकावर नाही, माझ्याशेजारी रांगेत. खिडकीतली बाई त्यांना ओळखत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा माणूस काही परत करतोय म्हणून तिने चष्मा वर केला. काळा कागद पाहून खाली केला.

"रीझन फॉर रिटर्न?" तिने विचारलं.

"ढग," मी म्हणालो. मराठीतच निघालं.

"क्लाउड्स," काकांनी तिला गंभीरपणे सांगितलं. तिच्या यंत्रात ढगांचं बटण नव्हतं. तिने दुसरं काहीतरी दाबलं आणि सांगितलं, पावती वाचता येत नाही, तेव्हा पैसे परत नाहीत. तेवढ्या किमतीचं दुकानाचं कार्ड मिळेल. त्यावर याच दुकानातलं काहीही घ्या.

कॉलेज त्या दुकानात नव्हतं. वडिलांना फोनवर काय सांगायचं, याचं पहिलं वाक्य मी मनात जुळवायला लागलो, आणि ते कोणत्याच भाषेत जुळेना.

काकांनी ते प्लॅस्टिकचं कार्ड बोटांत धरून उलटंसुलटं केलं.

"याला मराठीत काय म्हणशील?"

मी मान हलवली.

"मग तुला घेता येणार नाही. मला दे. तेवढ्याचा चेक घरी गेल्यावर देतो."

"काका, पण तुम्ही तर या दुकानातून काहीच घेत नाही."

"कोण म्हणतं? यादी आहे माझी. बरंच घ्यायचंय."

"आणि तुम्हाला याचं मराठी येतं?"

"येतं."

"काय?"

"सांगेन नंतर."

त्यांना खोटं बोलता येत नाही, या मतावर मी अजून कायम होतो. खरं सांगायचं तर कायम राहणं सोयीचंही होतं. फी वेळेत गेली. पुढचं सगळं सरळ घडलं: डिग्री, नोकरी, लग्न, टेक्सासात फ्रिस्कोला घर. त्या घराच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, इतकं सामान आहे. तेव्हा काकांमुळे मी सुधारलो असं बायको मला म्हणू देत नाही. पण फी आणि पोट यांच्याआधी डोकं मी पुन्हा कधी आणलं नाही. नंतर मात्र खूप आणलं.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. मुलीच्या त्या फोननंतर थोड्याच दिवसांत काकूंचा फोन आला. त्या घर विकून लेकीकडे अ‍ॅशबर्नला चालल्या होत्या. "खालच्या फळीवर तुझं एक यंत्र आहे बाबा. टाकू का ठेवू, बघून जा."

मुलीचं कॉलेज तिथून तासाभरावर. तिला घेऊनच गेलो. फळी तशीच होती. मुलगी एकेक चिठ्ठी अक्षर अक्षर लावून वाचत होती आणि हसत होती. धिरड्याच्या यंत्रापाशी ती थांबली. "बाबा, यू पेड फॉर धिस?"

काकू जिना धरत धरत उतरल्या. हातात एक पाकीट होतं. "हे यांच्या ड्रॉवरमध्ये होतं. तुझंच असणार."

आत ते दुकानाचं कार्ड होतं. कोपरेही झिजलेले नव्हते. ते दुकान बंद पडूनच आता कित्येक वर्षं झालीत.

"काकू, काकांची यादी होती ना? बरंच घ्यायचं होतं."

"यादी?" काकूंनी त्या काळ्या पावतीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "कसली यादी रे. त्या दुकानात गिरमिटांची भिंतभर मांडणी होती. मी दर दिवाळीला म्हणायची, अहो, पाचवं घ्या, कार्ड पडलंय. तर म्हणायचे, नको, ठेवायला जागा नाही."

मी पाकीट खिशात घातलं. यंत्रही घेतलं, नाही म्हणायला तोंड नव्हतं.

गाडीत मुलीने माझ्या खिशातून पाकीट ओढून घेतलं. त्यावर काकांची चिठ्ठी होती, फळीवरच्यासारखीच. ती बोट ठेवून वाचायला लागली.

"दु... र्बी... ण. दुर्बीण. वापर: एकदा." तिने पाकीट उघडून आत पाहिलं. कार्ड बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. "दुर्बीण म्हणजे?"

"टेलिस्कोप."

"बट देअर्स नो टेलिस्कोप इन हिअर."

"नाही," मी म्हणालो. "वेल, व्हॉट हॅपन्ड वॉज..." आणि तिथेच अडलो. दोनदा सुरुवात केली, दोनदा वाक्य अर्ध्यात राहिलं.

तिने सीट मागे केली, पाय वर घेतले आणि म्हणाली, "मराठीत सांग."

तिच्या हॉस्टेलला पोचायला तास लागतो. त्या दिवशी तो पुरला नाही. हॉस्टेलसमोर गाडी उभी करून मी बराच वेळ बोलत होतो.